सगळ्यांचे उत्तर ५८९.३ कसे?

आज बी. एस्सी.ची न्यूटन रिंग्जची (भिंग आणि काच यांच्यामध्ये दिसणारी प्रकाशाची गोल कडी मोजून तरंगलांबी काढायचा प्रयोग) जर्नले, म्हणजे प्रयोगवह्या, तपासताना डोके सुन्न झाले. एकामागून एक जर्नलात सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी नेमकी ५८९.३ नॅनोमीटर. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या दोन रेषांची ही पुस्तकातली सरासरी आमच्या जुन्या, स्क्रू फिरवून सरकवायच्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपवर दशांशासकट सगळ्यांना कशी मिळते? त्रुटींची कारणेही स्वल्पविरामासकट तीच, सीनियरांच्या जर्नलातून उतरत आलेली.

मागे एका बॅचला मी जर्नलाबरोबर घरी पत्र लिहायला सांगितले होते: काय मोजले, कसे मोजले, कुठे अडलो. एका मुलीने वडिलांना लिहिले की स्क्रू उलटा फिरवला तर आधी तो नुसताच फिरतो आणि मग मायक्रोस्कोप हलतो, आपल्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला प्ले आहे तसे. म्हणून डावीकडच्या विसाव्या कड्यापासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत एकाच दिशेने जायचे, मध्ये मागे वळलो तर पुन्हा पहिल्यापासून. ‘बॅकलॅश एरर’ची व्याख्या सगळी बॅच घडाघडा म्हणते, तिला ती कळली होती.

तिचे उत्तर ५८९.३ पासून बरेच लांब आले होते. ते तिने तसेच ठेवले आणि कोणत्या कड्याच्या वाचनाबद्दल शंका आहे तेही लिहिले. परीक्षकांनी त्या पानावर लाल रेघ मारली आणि गुण कापले. संताप येतो तो याचा! मायकेल्सन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या दिशांना प्रकाशाच्या वेगात अपेक्षित फरक सापडला नाही हे १८८७ साली छापून जाहीर केले, हे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो आणि प्रयोगशाळेत प्रामाणिक आकड्याला शिक्षा करतो.

जर्नलांचा ढीग एकट्या शिक्षकाने किती वाचायचा, हा प्रश्न खरा आहे, मान्य. पण न वाचता सही करण्याने तो सुटत नाही. मुलांवर तरी किती रागवायचे? सर्टिफाइड जर्नलाशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि आत काय लिहिले हे कोणी विचारत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते.

त्या मुलीच्या वडिलांनी पत्र वाचून तिला फोनवर विचारले, “मग झिजलेला नट बदलत का नाहीत?” विज्ञान पोहोचले म्हणजे काय, ते मला त्या प्रश्नात दिसले.

अभ्यास मंडळांवर असलेल्या मित्रांनो, जर्नलाच्या गुणांपैकी निम्मे तरी काय मोजले, कसे मोजले, कुठे अडलो हे सांगणाऱ्या अशा एका पानासाठी ठेवा, आणि ते पान तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर उघडून त्यावरच प्रश्न विचारा.