गावाचा इतिहास लिहा, पण खासरा पत्रक उघडू नका

मंदिराच्या कलशारोहणाची स्मरणिका निघणार, वर्गणी जमलेली, आणि ‘आमच्या गावाचा इतिहास’ ही दहा पानं तुमच्या गळ्यात पडलेली. घाबरू नका. मराठवाड्यात गावाचा इतिहास लिहिणं फार सोपं आहे. फक्त त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षाची पायरी चढायची नाही. चढलात की कोणीतरी १९५४-५५ चं खासरा पत्रक पुढ्यात टाकतो. त्यात सर्व्हे नंबरापुढे मालक कोण नि जमीन प्रत्यक्ष कसतंय कोण, हे शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. आज ज्यांच्या हस्ते कलश चढायचाय, त्यांचं आडनाव दोन्ही रकान्यांत सापडलं नाही तर तुम्ही काय करणार?

म्हणून सुरुवात दंडकारण्यापासून करा. प्रभू रामचंद्रांनी आपल्या ओढ्यात पाय धुतले, असं बेलाशक लिहा. यावर कोणी हरकत घेत नाही, कारण रामाच्या नावावर गावात सातबारा नसतो. (राममंदिराला इनाम असेल तर मात्र असतो. तिथं मालक देव आणि वहिवाटदार पुजारी असतो, आणि प्रत्यक्षात नांगर तिसऱ्याचाच चालतो. अशा गावी रामाऐवजी अगस्ती ऋषी घ्या.)

यादवांना एक परिच्छेद पुरे. मग निजाम. ‘जुलमी राजवट’ हे शब्द वापरा, ते खोटेही नाहीत. पण त्या राजवटीत सारा गोळा करून कोण देत होतं, हे विचारू नका. १९४९ च्या ऑगस्टात जहागिऱ्या रद्द झाल्या. जहागीरदाराकडे सनद होती, ती एका कायद्यात रद्दी झाली. सारा वसूल करणाऱ्या गावच्या वतनदारांकडे दप्तर होतं, ते घरातच राहिलं. जुना कागद छापायचाच असेल तर त्यावरचं १३५८ हे साल जसंच्या तसं छापा. ते फसली (निजामाच्या महसुली कामकाजातलं) साल आहे, त्यात ५९० मिळवले की १९४८ येतं, ही तळटीप गाळा. वाचकाला आपोआप वाटेल की बहामनी काळापासून जमीन यांचीच.

१७ सप्टेंबर १९४८ ला अख्खं पान द्या, झेंड्याच्या फोटोसह. रझाकारांनी केलेले अत्याचार लिहा. ते झालेच होते. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर काय गुदरलं, ते लिहू नका. त्याच्या चौकशीला भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड धरले होते. तेव्हा गाव सोडून गेलेल्यांची शेतं कोणाच्या वहिवाटीत आली, हे ज्यांना माहीत आहे तेच स्मरणिकेच्या संपादक मंडळात असतात.

आता अवघड भाग. १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. सलग सहा वर्षं जमीन कसलेल्या कुळाला यात संरक्षण मिळालं, आणि कलम ३८-ई खाली पुढं मालकीचं प्रमाणपत्रही. संरक्षित कुळांची यादी तयार झाली, ती आजही मिळते. तिच्याशी आजचा सातबारा ताडून पाहण्याचा मोह टाळा. मधल्या काळात बऱ्याच कुळांनी ‘स्वखुशीने’ राजीनामे दिलेले सापडतील. राजीनामा लेखी हवा नि तहसीलदारासमोर हवा, एवढीच अट होती. अंगठा कुळाचा, मजकूर मालकाचा, आणि गाडीभाडंही मालकाचंच. याला स्मरणिकेत ‘गावातील सलोखा’ म्हणतात.

कमाल जमीन धारणा कायद्यावर लिहायचं झालं तर ‘अमुक मालकांनी भूमिहीनांना जमीन दिली’ एवढंच लिहा. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आली आणि २६ सप्टेंबर १९७० नंतरच्या वाटण्या संशयित ठरल्या. साहजिकच, गावोगावच्या घराण्यांना त्या तारखेआधीच भावाभावांत वाटणी करायची बुद्धी झाली होती. असं एखादं वाटणीपत्र हाती आलं तर मजकूर वाचा, पण स्टॅम्पमागचा विक्रेत्याचा शिक्का बघू नका. आणि साक्षीदाराचा शाळेचा दाखला तर मुळीच काढू नका. त्या तारखेला तो तिसरीत असायचा. एवढं करूनही जमीन जादा निघालीच, तर कोणती ठेवायची याची निवड धारकाने करायची होती. काळी घरात राहिली, मुरमाड माळ सरकारजमा झाला. तोच माळ भूमिहीनाला वाटला गेला, आणि ‘यांना दिली तरी पिकवता येत नाही’ हा ठपका वर फुकट.

गायरानाचा विषय गुरांपुरता ठेवा. ताबा नियमित करून घ्यायला, १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून कसत असल्याचा पुरावा म्हणून कोणी दंडाच्या जुन्या पावत्या घेऊन आला, तर त्याला ‘गाव नमुना एक-ई मध्ये (म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत) नाव बघून ये’ म्हणा. तलाठी सज्जावर सापडेपर्यंत स्मरणिका छापून होईल.

बहिणींवर वेगळं प्रकरण नको. वडील वारल्यावर एका फेरफाराने (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीने) त्यांची नावं लागतात, आणि राखीच्या आसपास हक्कसोड होऊन पुढच्या फेरफाराने जातात. इतक्या थोड्या मुक्कामाचा कसला इतिहास?

एक तांत्रिक सूचना: शेतांचा उल्लेख टळत नसेल तर एका पानावर जुना सर्व्हे नंबर द्या आणि दुसऱ्यावर गट नंबर. जमीन एकत्रीकरणाचा उतारा काढल्याशिवाय दोन्ही एकच शेत आहे हे वकिलालाही कळणार नाही. क्षेत्र कधी एकर-गुंठ्यांत, कधी हेक्टर-आरमध्ये.

शेवटचं पान जाहिरातीला सोडा. महामार्गालगतच्या प्लॉटिंगवाल्याची जाहिरात हमखास येते, दर ठरवून घ्या आणि पैसे आगाऊ घ्या. त्याने ‘टायटल क्लिअर’ असं छापायला सांगितलं तर छापा. सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) मागू नका, नाहीतर इतिहास पुन्हा पहिल्या पानापासून लिहावा लागेल.