पॅकेजसाठी कोडिंग शिकू नका

इंदूरच्या मराठी घरांत हल्ली एक प्रश्न फार ऐकते. "काकू, पोराला कोडिंगचा क्लास लावू का? पॅकेज चांगलं मिळतं म्हणे." माझं मत आधीच सांगून टाकते, मग हवं तेवढं भांडा. नुसत्या पॅकेजसाठी लावणार असाल तर लावू नका. आणि पोराच्या आधी तुम्ही स्वतः शिका.

मी प्रोग्रामर नाही. सियागंजातल्या काही व्यापाऱ्यांची खाती बघते, जीएसटीची रिटर्न्स भरते. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांशी माझा संबंध विमानतळाकडे जाताना त्या दिसण्यापुरताच. पण पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा कामापुरती येते, आणि तेवढ्याने माझ्या महिन्याचा रंग बदलला.

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी येतं. आपण ज्यांच्याकडून माल घेतला त्या व्यापाऱ्यांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली, त्यांची ती यादी. ती आपल्या खरेदी रजिस्टरशी जुळवायची, कारण त्यात जे बिल नाही त्याच्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. सोपं वाटतं ना? आता बघा. आमच्याकडे बिल नंबर '४५' लिहिलेला असतो. समोरच्याने तोच '००४५' लिहिलेला, किंवा तिरक्या रेघा मारून त्यात आर्थिक वर्षही कोंबलेलं. रकमेत आठ आणे-रुपयाचा फरक, कारण एकाने राउंड ऑफ केलं, दुसऱ्याने नाही. डोळ्याला हे झटकन कळतं. पण अशा शेकडो ओळी बघून झाल्या की संध्याकाळी सहा वाजता त्याच डोळ्याला सगळीच बिलं सारखी दिसायला लागतात.

याचा प्रोग्राम लिहायला घेतला आणि पहिल्याच पायरीला अडले. 'तेच बिल' म्हणजे नेमकं काय? जीएसटी नंबर तोच हवा, कबूल. बिल नंबरातली शून्यं काढायची? सगळी, की फक्त सुरुवातीची? सगळी काढली तर १०५ चे १५ होतात. तारीख तीच हवी की महिना जुळला तरी पुरे? फरक एक रुपयाचा चालतो, मग पाचाचा? मुनीमजींना विचारलं तर ते म्हणाले, "अंदाज आ जाता है, बहनजी." त्यांचा अंदाज खरंच पक्का आहे, त्यात वाद नाही. पण त्या अंदाजामागचे नियम एकेक करून कागदावर उतरवले, तेव्हा त्यातले दोन चक्क एकमेकांच्या विरुद्ध निघाले. इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला विचाराल तर प्रोग्रॅमिंग शिकण्याचं खरं कारण हे. जे काम आपण रोज सवयीने उरकतो ते नेमकं कसं करतो, हे स्वतःला सांगावं लागतं. कॉम्प्युटरपुढे 'समजून घ्या हो' चालत नाही. (प्रोग्रॅमिंगने बुद्धी तल्लख होते वगैरे मी म्हणणार नाही. कोड उत्तम लिहिणारे आणि घरच्या लग्नाची आमंत्रणाची यादी धड न करू शकणारे लोक आमच्याच नात्यात आहेत.)

नवशिक्यांना माझा आवडता सराव सांगते. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, आपल्या मध्य प्रदेशचे २३, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आणि अगदी शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर हिशेब जुळत नाही आणि चूक जागच्या जागी पकडता येते. ही तपासणी पंधरा-वीस ओळींत लिहिता येते. तिच्यात लूप (तीच पायरी पुन्हा पुन्हा करणं) आहे, अट आहे, भागाकाराची बाकी आहे, आणि लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती वापरता येते. स्क्रीनवर * या चिन्हाचे त्रिकोण काढायला लावणाऱ्या क्लासवाल्यांना हे का सुचत नाही कोण जाणे.

हिशेबाशी संबंध नसलेल्यांना वाटेल, आपल्याला याचं काय? मग आमच्या मंडळाची सभासद यादी घ्या. गणपतीच्या वर्गणीआधी दुबार नावं काढायची होती. एक्सेल म्हणतं, दुबार काही नाही. आणि स्क्रीनवर 'कऱ्हाडे' एकाखाली एक दोनदा दिसतंय! झालं होतं असं की एकाने युनिकोडमधलं (कॉम्प्युटरसाठी ठरवलेल्या अक्षरांच्या यादीतलं) 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं होतं, तर दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. पायथॉनमध्ये नाव सुटं करून एकेक चिन्ह छापलं की हे उघडं पडतं आणि एका ओळीत दुरुस्तही होतं. आपली भाषा ज्या यंत्रात आपण दिवसभर टाइप करतो, तिथे ती कशी साठवली जाते हे मराठी माणसाला ठाऊक असावं की नाही?

"पण हे इंजिनियर लोकांचं काम." अजिबात नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक ही भाषा तयार केली, ती विज्ञान न शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा म्हणूनच. आणि एक्सेलमध्ये 'इफ'चा फॉर्म्युला लिहिता ना? मग निम्म्या वाटेवर तुम्ही आधीच आहात.

आता सगळ्यांचा लाडका मुद्दा: एआय लिहून देतं की! देतं. मीही घेते. पण रुपयाचा फरक चालतो आणि शून्यं सुरुवातीचीच काढायची, हे त्याला सांगणार कोण? शिवाय त्याने दिलेलं वाचता यायला हवं. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारा. उत्तर ०.३ येत नाही. ०.३ नंतर १५ शून्यं आणि मग एक ४ येतो, कारण ०.१ हा आकडा कॉम्प्युटरच्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या अंकपद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही. म्हणून रुपयांचा हिशेब पैशांत करून पूर्णांकात ठेवायचा किंवा पायथॉनमधलंच दशांशाचा अचूक हिशेब करणारं डेसिमल मॉड्यूल वापरायचं. हे माहीत नसलेल्या माणसाला एआयने दिलेला कोड सुंदरच दिसणार, फक्त ताळेबंद जुळणार नाही.

सुरुवात कशी करायची? कोणती भाषा चांगली यावर महिनाभर खल करू नका, पायथॉन घ्या. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. स्वतःची एक कंटाळवाणी यादी निवडा: वीजबिलं, सोसायटीचा मेंटेनन्स, काहीही. ती एक्सेलमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले साधे आकडे-अक्षरं) फाइल म्हणून सेव्ह करा आणि आधी फक्त बेरीज करून दाखवा. पहिले काही दिवस लाल अक्षरांतले एररच दिसतील. त्यांची शेवटची ओळ आधी वाचा, काय बिघडलं ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

तरी अडलात तर मला स्क्रीनशॉट पाठवा, जमेल तसं उत्तर देईन. फक्त महिन्याच्या १४ ते २० तारखेच्या मध्ये नको, तेव्हा मी जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याच्या रिटर्नच्या, गडबडीत असते.