बॉयकॉट कुणी केला आणि कुणावर झाला?

"कॅप्टन बॉयकॉट या आयरिश क्रांतिकारकाने ब्रिटिश मालावर जगातला पहिला बहिष्कार टाकला, त्याच्या सन्मानार्थ इंग्रजांच्याच डिक्शनरीत त्याचं नाव गेलं." असा फॉरवर्ड ग्रुपाग्रुपवर फिरतोय. यातलं नाव आणि आयर्लंड सोडलं तर बाकी सगळं उलटं आहे.

आधी तो क्रांतिकारक. चार्ल्स बॉयकॉट इंग्रज होता हो, नॉरफोकचा, जन्म १८३२ चा. आयर्लंडच्या मेयो काउंटीत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा एजंट, म्हणजे कुळांकडून खंड वसूल करणारा माणूस. १८८० मध्ये कुळं म्हणाली २५ टक्के सूट द्या, मालक १० वर अडून बसला आणि हे साहेब लागले जमिनी खाली करायच्या नोटिसा काढायला, मग काय, गावाने त्यालाच वाळीत टाकलं. घरातले नोकर गेले, शेतातले गडी गेले, दुकानदार सामान देईना, टपालसुद्धा कुणी आणून देईना. शेवटी पीक काढायला उत्तरेकडून ५० ऑरेंजमन, म्हणजे ब्रिटिश राजवटीच्या बाजूचे प्रोटेस्टंट, आणले आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक नि पोलीस. साधारण ५०० पौंडांच्या पिकासाठी १०,००० पौंड गेले असा तेव्हाचा अंदाज, बटाट्यापेक्षा बंदोबस्त महाग. डिसेंबर उजाडेपर्यंत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला. याला सन्मान म्हणायचं?

काही जण म्हणतात शब्द पार्नेल या आयरिश पुढाऱ्याचा. पार्नेलने सप्टेंबर १८८० ला एनिसच्या सभेत सांगितलं की हाकललेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला एकटं पाडा. कल्पना त्याची म्हणा हवं तर, पण शब्द नाही. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने श्रेय दिलंय तिथले पाद्री फादर जॉन ओ'मॅलींना, 'ऑस्ट्रॅसिझम' (वाळीत टाकणं) हा जड शब्द शेतकऱ्यांना झेपायचा नाही म्हणून त्यांनी बॉयकॉट सुचवला म्हणे. पत्रकाराने सांगितलेला किस्सा आहे, थोडं तिखटमीठ असेलही, पण नोव्हेंबरात लंडनच्या पेपरात शब्द आलेला होता.

जगातला पहिला? नाही. १७९१ मध्येच ब्रिटनमधल्या कितीतरी घरांनी गुलामीच्या निषेधार्थ वेस्ट इंडीजची साखर बंद केली होती.

आणि "ब्रिटिश माल" तर या भानगडीत कुठेच नव्हता. परदेशी मालावरच्या बहिष्काराशी आपण हा शब्द जोडतो तो १९०५ च्या स्वदेशीमुळे, वंगभंग झाला, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, ते सगळं. मेयोत मात्र माणसाला वाळीत टाकलं होतं. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे ना, त्याच्या इंग्रजी नावात 'सोशल बॉयकॉट' आहे तो याच अर्थाने, फक्त तिथे गरीब कुळांनी साहेबाला टाकलेलं आणि इथे जातपंचायती गरिबालाच टाकतात, हा फरक मला तरी लहान वाटत नाही.

राहता राहिला तो इंग्लंडचा क्रिकेटर जेफ्री बॉयकॉट, त्याच्या संथ बॅटिंगला कंटाळून लोक मॅच सोडून जायचे म्हणून हा शब्द आला असं एका काकांनी फॉरवर्डखाली जोडलंय. काका, तो जन्मला १९४० ला.