पंचेचाळीस इंचांचा साहेब

आमच्या घरी 55 इंची टीव्ही आला त्या दिवशी मी मनाशी एक साधा बेत केला होता. शनिवारी रात्री जेवणे आटोपून, स्वयंपाकघरातली झाकपाक झाली की दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवायचा आणि एकट्याने, कोणालाही काहीही समजावून न सांगता, जुने ब्रिटिश चित्रपट बघायचे. या बेतातला टीव्ही तेवढा प्रत्यक्षात आला. 'एकट्याने' आणि 'समजावून न सांगता' ही दोन कलमे आजतागायत अमलात आलेली नाहीत.

मुळात या छंदाचे साहित्य जमवणे हेच एक प्रकरण आहे. लेस्टरला राहणारा माझा मावसभाऊ दर दिवाळीला येताना तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून एकेका पौंडाला मिळणाऱ्या डीव्हीडी घेऊन येतो. पहिल्या वर्षी मी हात धुऊन, कोरड्या रुमालाने पुसून पहिली तबकडी प्लेअरमध्ये सरकवली. त्याने ती आत घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि ही तबकडी या प्रदेशात चालणार नाही अशी पाटी झळकवून आदराने बाहेर काढून दिली. डीव्हीडीवाल्यांनी जगाची वाटणी केली तेव्हा ब्रिटन गेले प्रदेश क्रमांक 2 मध्ये आणि भारत गेला 5 मध्ये, हे ज्ञान मला त्या रात्री झाले. दोन्ही देशांची चित्रप्रणाली एकच, म्हणजे पाल; त्याच 625 रेषा, सेकंदाला त्याच 25 चौकटी. रेषांच्या बाबतीत आम्ही साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसणारे, आणि प्रदेशाच्या बाबतीत मात्र उंबऱ्याबाहेर.

यावर चिरंजीवांनी तोडगा काढला, तो त्यांच्या जुन्या लॅपटॉपचा. त्याच्या ड्राइव्हमध्ये प्रदेश बदलता येत होता, पण आयुष्यात फक्त पाच वेळा. पाचव्यांदा निवडलेला प्रदेश कायमचा. पहिल्या चार संधी घरातल्या लोकांनी इथल्या आणि तिथल्या तबकड्या आलटून पालटून लावण्यात, पत्त्यांच्या डावात हुकूम उधळावेत तशा उधळल्या. उरलेली पाचवी मी, एखाद्या म्हाताऱ्याने मृत्युपत्र करावे तशी, दोन दिवस विचार करून ब्रिटनच्या नावे केली. तेव्हापासून तो लॅपटॉप टीव्हीला केबलने जोडलेला असतो आणि घरात त्याला 'साहेब' म्हणतात.

साहेब सुरू झाले आणि काळ्या पट्ट्यांचा वाद उभा राहिला. जुन्या चित्रपटांची चौकट रुंदीला चार आणि उंचीला तीन अशी जवळजवळ चौकोनी असते आणि आजचा टीव्ही असतो लांबट, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. आमच्याकडे मुक्कामाला असलेले माझे सासरे आप्पा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, आणि मोजमाप घेतल्याखेरीज त्यांना कोणत्याही वस्तूकडे बघता येत नाही. त्यांनी टेप आणून चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजले आणि निकाल दिला, "जावईबापू, पैसे 55 इंचांचे मोजलेत आणि बघताय 45 इंच. चौथा हिस्सा वाया." हिशेब चोख होता. मी काही बोलायच्या आत सौभाग्यवतींनी रिमोटवरचे कोणते तरी बटण दाबून ते चित्र पडदाभर ताणले. 1949 सालच्या काटक इंग्रजांना एका क्षणात जावयाच्या पहिल्या दिवाळसणानंतरचे बाळसे आले. मला सोडून सर्वांना ते पसंत पडले.

त्या बाळसेदार अवस्थेत आम्ही 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' पाहिला. ईलिंग स्टुडिओच्या या चित्रपटात नायक उमराव होण्यासाठी वारसाहक्काच्या वाटेतले एकेक नातेवाईक दूर करत जातो, आणि त्या घराण्यातल्या आठ व्यक्ती, एका बाईसकट, एकट्या अ‍ॅलेक गिनेसने रंगवलेल्या आहेत. जाणकार लोक यावर मान डोलावतात. आमच्या आईला मात्र त्या चित्रपटाने फार त्रास दिला.

"हा मघाशी मेला ना रे?"

"तो वेगळा, आई. हा त्याचा नातेवाईक."

"तोंड तेच आहे."

"एकाच घराण्यातले आहेत ना."

"मग याला तरी सांभाळायला सांगा कोणीतरी," असे म्हणून आई जप करू लागली, आणि विमानातून नव्हे तर फुग्यातून प्रवास करणारी लेडी अ‍ॅगथा बाण लागून खाली आली तेव्हा "ही पण तोच!" असे ओरडून तिने माळ खाली ठेवली.

'ब्रीफ एन्काउंटर' याच्या तुलनेत शांततेत पार पडेल असे मला वाटले होते. डेव्हिड लीनचा 1945 सालचा चित्रपट, लांबी जेमतेम दीड तास. युद्ध अजून संपले नव्हते, म्हणून रात्रीची दृश्ये लंडनपासून दूर, लँकेशायरमधल्या कार्नफर्थ स्थानकावर चित्रित केली, ही माहिती मी प्रस्तावनेदाखल दिली आणि ती कोणीही ऐकली नाही. विवाहित स्त्रीच्या डोळ्यात इंजिनाचा कचरा जातो, एक विवाहित डॉक्टर तो रुमालाच्या टोकाने काढतो आणि पुढे ती दोघे दर गुरुवारी भेटू लागतात. इथे मी श्वास रोखून आईकडे पाहिले. "गुरुवारी भेटतात," आई म्हणाली, "दत्ताचा वार. मनात पाप नसणार." नायिका सेलिया जॉन्सनच्या डोळ्यांत पाणी, संगीतकार रॅखमानिनॉफचा पियानो टिपेला पोहोचलेला, आणि आमच्याकडे चर्चा अशी, की त्या स्थानकावरच्या उपाहारगृहातली बाई चहाला दूध वरून घालते की कसे. पडद्यावर चहाचा कप दिसला की आप्पांना चहा लागतो, आणि जुन्या ब्रिटिश चित्रपटात चहाचा कप दिसत नाही अशी सलग दहा मिनिटे सापडणे कठीण. दीड तासाचा चित्रपट आम्ही पावणेतीन तासांत संपवला.

मालिकांचे दुःख निराळे आहे. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याचशा मालिकांत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर टिपलेले असत आणि बाहेरचे प्रसंग 16 मिलिमीटर फिल्मवर, त्यामुळे पात्राने दार उघडून बागेत पाऊल टाकले की चित्राचा पोतच बदलतो. आप्पा दर वेळी रंग ठीक करायला उठतात, आणि ते ठीक होईपर्यंत पात्र घरात परत आलेले असते. 'पॉरिज' म्हणजे लापशी, म्हणून सौभाग्यवती वही घेऊन बसल्या आणि निघाली तुरुंगाची मालिका. आपल्याकडे 'खडी फोडायला जाणे' म्हणतात तसे तिकडे तुरुंगवासाला 'लापशी' म्हणत, हे सांगितल्यावर वही मिटली. 'येस मिनिस्टर' मात्र आप्पांनी पाठ ताठ ठेवून, एकदाही न हसता पाहिली. मंत्र्याचे सचिव सर हम्फ्री यांचे कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोचायला पाऊण मिनिट घेणारे वाक्य संपले की ते समाधानाने म्हणत, "अगदी बरोबर मसुदा आहे." यात विनोद कुठे आहे ते त्यांना अजून उमगलेले नाही.

'डॅड्स आर्मी' या मालिकेचे 80 भाग झाले आणि त्यांतले तीन आजही सापडत नाहीत, कारण त्या काळी टेप महाग असल्यामुळे बीबीसी जुन्या कार्यक्रमांवरच नवे कार्यक्रम टिपून घेत असे. हा निष्काळजीपणा मी एकदा चढ्या आवाजात सांगायला गेलो. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "आणि आपल्या लग्नाच्या कॅसेटवर काय आहे?" आमच्या लग्नाच्या कॅसेटवर 1996 च्या विश्वचषकातला बंगळूरचा भारत-पाकिस्तान सामना आहे. मुहूर्ताच्या मंगलाष्टकांतले शेवटचे 'सावधान' ऐकू येते आणि थेट अजय जडेजा वकार युनूसला फटकावू लागतो. त्या दिवसापासून बीबीसीबद्दल या घरात मी काही बोलत नाही.

या सर्वांवर कळस चढला तो 'द थर्ड मॅन'च्या रात्री. कॅरोल रीडचा हा 1949 सालचा चित्रपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 1999 मध्ये शतकातल्या ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत पहिला ठरवला. युद्धानंतरचे मोडके व्हिएन्ना, ओले रस्ते, लांब सावल्या आणि आरंभापासून अखेरपर्यंत झिदर नावाचे एकच तंतुवाद्य. "स्वरमंडळ छेडतोय, पण गात का नाही?" असे आईने दोनदा विचारले. मी काळे पट्टे परत मिळवले होते, दिवा मालवला होता, चहा आधीच पाजला होता.

दहाव्या मिनिटाला आप्पा म्हणाले, "टीव्ही कलला आहे."

या चित्रपटाचा कॅमेरा जागोजागी मुद्दाम तिरपा लावलेला आहे. शहराचा तोलच गेला आहे हे दिसावे म्हणून. हे मी नीट सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले, उठून आपल्या खोलीत गेले आणि पिवळी पाणसळ घेऊन आले. निवृत्तीला बावीस वर्षे झाली तरी ती त्यांच्या उशाशी असते. ती टीव्हीच्या डोक्यावर ठेवून, टॉर्चच्या उजेडात त्यांनी नळीतला बुडबुडा पाहिला. बुडबुडा बरोबर मधोमध होता. पडद्यावरचा जिना डावीकडे कलंडलेलाच होता. खात्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाने अशा वेळी उपकरणावर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर, याचा थोडा विचार करून आप्पांनी डोळे निवडले आणि एका लग्नपत्रिकेची घडी करून टीव्हीच्या डाव्या पायाखाली सारली. पुढचे दृश्य उजवीकडे कललेले होते, तेव्हा दुसरी पत्रिका उजव्या पायाखाली गेली. तासाभरात दोन्हीकडे तीन-तीन पत्रिका झाल्या, म्हणजे टीव्ही होता तेवढाच सरळ राहिला, फक्त बोटभर उंच झाला.

शेवटी मी त्यांना विल्यम वायलरची गोष्ट सांगितली. हॉलिवूडच्या या दिग्दर्शकाने 'द थर्ड मॅन' पाहिला आणि रीडला भेट म्हणून चक्क पाणसळ दिली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेवायला. मला वाटले, आप्पा हसतील.

"मग?" ते म्हणाले. "त्या साहेबाला कळलं, आणि तुम्ही मलाच वेड्यात काढताय."

तेवढ्यात ज्या क्षणासाठी हा चित्रपट पुन्हा पुन्हा बघावा तो क्षण आला. मेला म्हणून पुरलेला हॅरी लाइम, तासाभराच्या चित्रपटानंतर, अंधाऱ्या दारात उभा, पायाशी मांजर, समोरच्या खिडकीत दिवा लागतो, उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडतो, आणि त्या भूमिकेतला ऑर्सन वेल्स हसतो. दाराची बेल वाजली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. मोठा दिवा लागला, वाटी शोधली गेली, काकूंनी उभ्याउभ्या पडद्याकडे पाहून "कोण मेलंय?" असे विचारले आणि आईने "हाच, पण आलाय परत" असे सांगितले.

शेवटच्या दृश्यापर्यंत जागे होते ते आम्ही दोघेच. दफनभूमीतला लांबलचक सरळ रस्ता, दोन्हीकडे निष्पर्ण झाडांच्या रांगा, कडेला वाट बघत उभा असलेला तो, आणि लांबून चालत येणारी ती. मिनिटाहून अधिक वेळ कॅमेरा जागचा हलत नाही. ती येते, त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाते, आणि तो सिगारेट पेटवतो. या दृश्याला माझा गळा दर वेळी दाटून येतो. मी हळूच आप्पांकडे पाहिले. तेही पुढे वाकून, डोळे बारीक करून, त्या रस्त्याच्या दोन्ही कडांवरून नजर फिरवत होते.

"बसला एकदाचा लेव्हलमध्ये," ते म्हणाले, आणि पाणसळ उचलून झोपायला गेले.