तो, ती की ते?

मांजरांच्या बाबतीत मराठीनं आपल्यावर मोठे उपकार करून ठेवलेत. कुत्रा म्हटलं की तो, म्हैस म्हटलं की ती, पण मांजर म्हणजे ते. बोका असो की भाटी, 'ते मांजर दूध पिऊन गेलं' एवढ्यावर काम भागतं. ही आयती सोय सोडून आम्ही 'तो आणायचा की ती' या वादात शिरलो आणि डोंबिवलीतल्या साडेचारशे फुटांत तीन आठवडे कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पहिलं मांजर आमच्याकडे चार वर्षं आहे. नारिंगी बोका. भर पावसात पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली सापडला होता. स्वतः काही करायचं नाही, पण दुसऱ्याचं काम समोर बसून बघायचं, म्हणून नाव मुकादम. मी पोळ्या लाटते तेव्हा ओट्याच्या टोकाला बसून एकेक पोळी नजरेखालून घालतो. हल्ली मात्र त्याला काम कमी पडत असावं. पहाटे चारला उठून आमच्या घोट्यांना चावायला लागला. "सोबत हवी असेल त्याला," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं, यावर आता घरात एकमत नाही. कुणी कबूलच करत नाही.

सासूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांचं मत तयारच होतं. "बोका नको गं. भाटी घर धरते, बोका म्हणजे पाहुणा. आमच्या तात्यांनी एकाला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडलं होतं, तर तिसऱ्या दिवशी ओटीवर हजर."

"म्हणजे त्यानंही घर धरलंच की, आई."

"छे! तो जेवायला आला होता."

नवरा अकाउंट्समधला, त्यामुळे त्यानं कागदच घेतला. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं, एका वेळी तीन-चार तरी, आणि ती पिल्लं अंगावर पीत असतानाच पुढचा मुहूर्त लागू शकतो. कागदाच्या तळाशी पोचेपर्यंत आमच्या घरात अख्खी चाळ वसली होती. मुकादमची नसबंदी होऊन तीन वर्षं झाली, नवीन येणारीचीही वेळेवर करूच, शिवाय आपण चौथ्या मजल्यावर राहतो आणि खिडक्यांना जाळ्या आहेत, हे मी शांतपणे सांगितलं. "तरीपण," तो म्हणाला. या 'तरीपण'पुढे कुठलाही युक्तिवाद चालत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, मला माहीत आहे.

तळमजल्यावरच्या काकू विरजण न्यायला आल्या आणि तासभर बसल्या. "मुलगीच आणा. मुली मायाळू असतात, शेवटी त्याच बघतात." काकूंचे दोन्ही मुलगे कॅनडात आहेत. त्यामुळे हे मत निव्वळ मांजरापुरतं असावं असं मला वाटलं नाही.

शेवटी मुकादमच्या डॉक्टरांकडे गेले. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी वाचत आमची पिढी मोठी झाली. 1988 साली तसा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्यामुळे "डॉक्टर, नर बरा की मादी?" हे विचारताना माझा आवाज आपोआप खाली आला. डॉक्टर मात्र मोठ्यानं बोलले, अख्ख्या वेटिंग रूमला ऐकू जाईल असं. ऑपरेशन न केलेला बोका पडद्यांवर फवारे मारतो, ऑपरेशन न केलेली भाटी माजावर आली की रात्र रात्र गळा काढते. दोघांचं ऑपरेशन झालं की फारसा फरक उरत नाही, मग स्वभाव बघा. "आणि लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त ठेवायचा. म्हणजे तुम्हाला तीन."

आमच्याकडे चार माणसांत एक संडास आहे.

स्टेशनजवळच्या मांजरवाल्या ताईंकडे पाच पिल्लं होती. ती दाखवण्याआधी त्यांनी आमची मुलाखत घेतली. दिवसभर घरी कोण असतं? गावाला गेलात तर कोण बघणार? ऑपरेशन कराल असं लिहून द्याल ना? जाळ्यांचे फोटो पाठवा. माझ्या लग्नात माझ्या वडिलांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती, आणि परिणाम समोरच खुर्चीत बसला होता.

मग त्यांनी एका पिल्लाची शेपटी वर केली. "सोपं असतं. विसर्ग दिसला तर बोका, उलटं उद्गारचिन्ह दिसलं तर भाटी." मला विसर्ग दिसला. नवऱ्याला उद्गारचिन्ह. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "अजून दोन आठवड्यांनी बघू या."

एकच पिल्लू निःसंशय होतं: काळं, नारिंगी आणि पांढरं. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि नारिंगी दोन्ही अंगावर हवे असतील तर सहसा दोन एक्स लागतात, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच भाटी असते. ते जनुक नेमकं कोणतं, हे जपानी आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी 2025 साली जाहीर केलं. हे सगळं नवऱ्यानं मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता स्वतःच पटवून घेतलं. तोवर ते पिल्लू आईंच्या निऱ्या चढून कमरेपर्यंत पोचलं होतं. कुणी कुणाला निवडलं, हे शास्त्रज्ञांनाच विचारावं लागेल.

नाव भेळ. दहा दिवस ती बेडरूममध्ये बंद आणि आम्ही चौघं हॉलमध्ये. एकाच्या अंगावर फिरवलेला टॉवेल दुसऱ्याला हुंगायला द्यायचा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या ठेवायच्या, सगळं रीतसर केलं. अकराव्या दिवशी दार उघडलं. मुकादम फुगून दुप्पट झाला आणि फिस्कारला. भेळ, वजन पाऊण किलो, सरळ त्याच्या वाटीपाशी गेली, थोडं खाल्लं आणि वळून त्याच्या नाकावर एक चापट दिली. मुकादम संध्याकाळपर्यंत फ्रिजवर होता.

"भाटी घर धरते म्हटलं नव्हतं?" आई म्हणाल्या.

आता महिना झालाय. काल पहाटे चारला स्वयंपाकघरात काहीतरी खळ्ळकन फुटलं. आम्ही दोघं अंधारात ताडकन उठून बसलो.

"तो की ती?" नवऱ्यानं विचारलं.

हॉलमधून आईंचा झोपाळू आवाज आला, "मांजर आहे ते. झोपा आता."