गुलाबी अळंबीला शेणखत नको

पावसाळा लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर अळंबीचे फोटो यायला लागतात. यंदा मामांनी पाठवलेला फोटो असा: आखूड हिरव्या गवतातून वर आलेली, टोकदार टोपीची, गुलाबी रंगाची छत्री. खाली मजकूर: ‘जगातली सर्वांत दुर्मिळ अळंबी! हजारभरच उरल्या आहेत. भडक रंग म्हणजे जहाल विष. पांढरी अळंबी बिनधास्त खावी. लोभी माणसांनी खुडून खुडून ही संपवली. माळ ओसाड ठेवू नका, शेणखत घाला, झाडं लावा, ती परत येईल. पुढे पाठवा.’

मामा, फोटो खरा आहे. मजकुराचं मात्र अवघड आहे.

ही पिंक वॅक्सकॅप. शास्त्रीय नाव पोर्पोलोमॉप्सिस कॅलिप्ट्रिफॉर्मिस, लाडाचं नाव ‘बॅलेरिना’. वय झालं की टोपीची कड चिरत जाते आणि नर्तकीच्या झग्यासारखी वर उलटते, म्हणून. गाव युरोप, ब्रिटनमध्ये शरद ऋतूत जुन्या कुरणांत, हिरवळींवर आणि चर्चच्या आवारात थडग्यांमधल्या गवतात दिसते.

‘हजारभर उरल्या’ हा आकडा कुणी मोजला असेल? आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे फळ. खरा जीव मातीतलं तंतूंचं जाळं. एखाद्या वर्षी फळ धरतं, एखाद्या वर्षी नाही. बाजारातले आंबे मोजून कलमांची गणती करण्यातला हा प्रकार. ती धोक्यात आहे हे खरं, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ती ‘असुरक्षित’ गटात आहे. पण ब्रिटनने तिला संवर्धनाच्या प्राधान्ययादीत घातलं, लोक जुनी कुरणं धुंडाळायला लागले, तेव्हा ती वाटलं होतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त ठिकाणी सापडली आणि पुढे त्या यादीतून तिचं नाव काढलंही.

रंगाचं म्हणाल तर लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली ती चित्रातली अळंबी विषारी असते, कबूल. पण केशरी ‘सीझर’ अळंबी युरोपात चवीने खातात. वॅक्सकॅपच्या कुळातल्या काही लाल-पिवळ्या जातींचा रंग बीटालेन गटातल्या द्रव्यांचा, म्हणजे बीट आणि लाल माठ यांचा रंग ज्या घराण्यातला त्याच घराण्यातला. रंगावरून विष ठरवायचं तर माठाची भाजीही टाकून द्यावी लागेल.

घातक वाक्य पुढचं आहे, ‘पांढरी बिनधास्त खावी’. ते कुठून आलं हे कळतं. वारुळाजवळची अळमी, विदर्भातल्या सात्या, बाजारातलं बटण मशरूम, सगळं पांढरट. म्हणून पांढरं ते आपलं. पण युरोपातली ‘डिस्ट्रॉइंग एंजल’ दुधासारखी शुभ्र असते, आणि तिच्यातलं विष यकृत निकामी करतं. उकळा, तळा, वाळवा, ते जात नाही. पोट बिघडून मधे जरा बरं वाटतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तोवर आत यकृताचा नाश चाललेला असतो. एवढ्या लांब जायलाही नको. पावसाळ्यात आपल्याकडच्या लॉनवर मोठ्या पांढऱ्या छत्रीची क्लोरोफायलम मोलिब्डायटीस उगवते. ती खाल्ली की उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. तिच्या छत्रीखालच्या पट्ट्या जून झाल्यावर हिरवट पडतात, कोवळेपणी त्याही पांढऱ्याच. मामांनी बाकी काही नाही तरी एवढं वाक्य मागे घ्यावं, मी फोनही केला आहे.

खुडून संपली म्हणावं, तर स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात यावर २९ वर्षं प्रयोग झाला. काही तुकड्यांत अळंब्या खुडल्या, काहींत हात लावला नाही. खुडण्याने ना पीक घटलं, ना जाती कमी झाल्या. जंगल आणि कुरण एक नव्हे, आणि दुर्मिळ जात खुडण्याचं कारणही नाही. पण गुन्हेगार दुसरीकडे आहे.

तो खताच्या पोत्यात आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे पटणं जड जातं, मलाही गेलं. खत म्हणजे चांगलं, शेणखत तर त्याहून चांगलं, हे आपल्या हाडात मुरलेलं. वॅक्सकॅपला मात्र भुकेली जमीन लागते. ती पालापाचोळा कुजवून जगणारी दिसत नाही. तिच्या शरीरातल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड रूपांचं, प्रमाण कुजवणाऱ्या बुरशींशी जुळत नाही, आणि कुरणातल्या प्लँटॅगो या साध्या रोपाच्या मुळांत तिच्या भाईबंदांचा डीएनए सापडला आहे. म्हणजे जिवंत झाडोऱ्याशी तिचं काहीतरी देणंघेणं आहे. तिथे नायट्रोजन ओतला की गवत माजतं, शेवाळ आणि बारीक रोपं दबतात, आणि वॅक्सकॅप नाहीशी होते. एकदा भरपूर खत पडलं की ती परतायला दशकं लागतात. नांगर फिरला तर जाळंच तुटतं. इंग्लंड-वेल्समधल्या सखल भागातली अशी बिनखताची जुनी कुरणं १९३०च्या दशकापासून १९८४पर्यंत सुमारे ९७ टक्के गेली. अळंब्या वेचणारे एवढं करू शकत नाहीत.

थडग्यांमध्ये ती का टिकली, तेही यातच आलं. तिथे कुणी नांगरलं नाही, खत टाकलं नाही, आणि गवत मात्र नेमाने कापलं. कुरणांत हे कापायचं काम मेंढ्या करतात.

राहिली झाडं. आखूड, उघडं गवत हेच जिचं घर, तिच्यावर सावली धरणं म्हणजे तिला घराबाहेर काढणं. यात भर अशी की वर्षातले आठ-नऊ महिने त्या कुरणात दिसण्यासारखं काहीच नसतं. मे महिन्यात पाहणी करायला आलेल्या माणसाला मेंढ्या आणि शेवाळलेलं गवत दिसतं, तो कागदावर ‘विशेष काही नाही’ लिहितो आणि तिथे रोपांची आखणी होते. म्हणून हल्ली संशोधक मातीचे नमुने घेऊन त्यातला डीएनए वाचतात. छत्री उगवायची वाट न पाहता खाली कोण राहतंय ते त्यातून कळतं.