साठीला बाराखडी कशाला?

गेल्या आठवड्यात शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या परीक्षेला बसलेल्या बायका, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बुटक्या बाकांवर, पदर सावरत पेपर लिहिताहेत. मला फोटो फार आवडला. खाली पहिलीच प्रतिक्रिया माझ्या एका वर्गमित्राची होती: "साठीच्या बाईला बाराखडी शिकवून देशाला काय मिळणार? नातवंडं शिकताहेत ना, तो पैसा तिकडे लावा." दुसऱ्याने लिहिलं, आपल्याकडे स्वयंसेवक वगैरे चालत नाहीत, मानधन दिल्याशिवाय कुणी खडू उचलत नाही. तिसऱ्याने २०२३ ची आठवण काढली, शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता ती. भराभर अंगठे वर झाले.

रात्री अकरा वाजता मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. ते इथे लिहितो आहे.

मी अमेरिकेत राहतो. दर मंगळवारी ऑफिस सुटलं की थेट इथल्या लायब्ररीत जातो, एका प्रौढ माणसाला वाचायला शिकवायला. दुसऱ्या मजल्यावरची स्टडी रूम सहा ते साडेसात माझ्या नावावर असते. माझा विद्यार्थी साठी ओलांडलेला आहे. इथेच जन्मला, इथेच वाढला, आयुष्यभर गोदामात फोर्कलिफ्ट चालवली. खोक्यांवरची लेबलं तो आकार आणि रंगावरून ओळखायचा. कुठलाही फॉर्म समोर आला की चष्मा घरी विसरलो म्हणायचा. त्याच्याकडे चष्मा कधी नव्हताच. बायकोला लग्नानंतर सात वर्षांनी कळलं.

देशाला काय मिळणार? माझा विद्यार्थी निवृत्त झाला आहे. तो आता उत्पादन वाढवणार नाही, कर जास्त भरणार नाही. त्याला डॉक्टरकडून आलेलं पत्र स्वतः फोडून वाचायचं आहे, बायकोच्या आधी. एवढंच. मला हे कारण पुरेसं वाटतं, आणि ज्यांना वाटत नाही त्यांनी आपली पत्रं महिनाभर दुसऱ्याकडून वाचून घेऊन बघावीत.

'प्रगत देशात असले प्रश्न नसतात' असंही ग्रुपवर कुणीतरी म्हणालं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अमेरिकेतले २८ टक्के प्रौढ वाचनाच्या पहिल्या, म्हणजे साध्या छोट्या मजकुरापुरत्या पातळीवर किंवा त्याखाली निघाले. फरक आहे तो लाज झाकण्याच्या पद्धतीत. आपल्याकडे अंगठा देणारा माणूस उघड अंगठा देतो. इथे तो वर्षानुवर्षं चष्मा विसरतो.

स्वयंसेवक चालत नाहीत, हे वाक्य मात्र मला झोपू देईना. ज्या 'एकाने एकाला शिकवावं' या घोषणेवर इथली ही चळवळ उभी राहिली, ती जन्मलीच पैसे संपल्यामुळे. फ्रँक लॉबाख हे मिशनरी फिलिपिन्समध्ये लानाओला मारानाओ लोकांना वाचायला शिकवत होते. मंदीत अमेरिकेतून येणारी मदत आटली, शिक्षकांना पगार द्यायला काही उरलं नाही, तेव्हा तिथल्याच एका सरदाराने ठरवलं की जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवायचं. पुढे १९६२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला रूथ कॉल्विन या गृहिणीने आपल्या गावात हजारो लोकांना वाचता येत नाही हे कळल्यावर स्वयंसेवकांची संघटना काढली. १०७ वर्षांच्या होऊन त्या २०२४ मध्ये गेल्या. २००२ मध्ये लॉबाख यांची आणि त्यांची संस्था एक झाली.

आणि आपल्याकडे? १८५५ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा मानधनाचा जीआर निघाला नव्हता. १९५९ मध्ये साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं कंदिलाच्या उजेडात बसली, आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ पासून आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेल्या. हे माझ्या वर्गमित्रांना माहीत नाही असं नाही. फांगण्याचा फोटो त्यांनीच फॉरवर्ड केला होता, हात जोडलेल्या चिन्हांसकट.

शिक्षकांचा राग मला समजतो. मतदारयाद्या, खिचडीचा हिशेब, त्यात पुन्हा सर्वेक्षण. पण तो राग कामाच्या ओझ्यावर होता. त्याचा पुरावा करून निरक्षर बाईवर ढकलणं हा अन्याय आहे.

स्वयंसेवक म्हणजे हौशी माणूस, असं मात्र इथे कुणी धरत नाही. विद्यार्थी मिळण्याआधी मला प्रशिक्षणाला बसावं लागलं, पार्श्वभूमीची तपासणी झाली. पहिला धडा असा: जो शिकायला आला आहे त्याच्याच तोंडचं ऐका, त्याच्याच शब्दांत उतरवा, व्याकरण सुधारू नका, आणि तेच त्याचं पुस्तक. माझ्या विद्यार्थ्याने वडिलांच्या ट्रकबद्दल चार वाक्यं सांगितली. त्याने ती बोट ठेवून वाचली, मग पुन्हा वाचली, आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. पुढच्या मंगळवारी तो चुरगळून मऊ झाला होता.

शेजारच्या खोलीत इंग्रजी शिकणारे बसतात. त्यातल्या एक बाई अरबी झरझर वाचतात, फक्त इंग्रजी येत नाही. दुसऱ्या बाईंना कुठल्याच भाषेत अक्षर ठाऊक नाही. दोघींना एकच पुस्तक देणं म्हणजे दुसरीला पहिल्याच दिवशी घरी पाठवणं. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या चाचणीत तीनांपैकी एक वाक्य वाचायचं असतं, तीनांपैकी एक लिहायचं. मी माझं वाक्य डोळे मिटूनही वाचलं असतं. त्या दुसऱ्या बाई एका वाक्यासाठी दोन हिवाळे येताहेत.

माझा विद्यार्थी माझे उच्चार दुरुस्त करतो. शब्द मी वाचून दाखवतो, तो म्हणतो, असं कुणी म्हणत नाही इथे. त्याला या देशात कुणी कधी विचारलं नाही, तू मूळचा कुठला. मला वीस वर्षांनंतरही विचारतात. भाषा त्याची आहे, तिची अक्षरं माझ्याकडे आहेत. त्या दीड तासात मला कुणाचा तरी पाहुणा असल्यासारखं वाटत नाही. मी त्याच्यासाठी जातो असं सगळ्यांना सांगतो. मी माझ्यासाठीही जातो.

शेवटी ग्रुपवर न राहवून मी दोन ओळी लिहिल्याच. वर्गमित्राने खाजगीत विचारलं, "तू इथे होतास तेव्हा कुणाला शिकवलंस?"

आमच्या घरी धुण्याभांड्याला मावशी यायच्या, मी पाचवीत असल्यापासून इंजिनिअर होईपर्यंत. महिन्याच्या एक तारखेला बाबांच्या वहीत अंगठा द्यायच्या. मी टेबलावर पुस्तकं पसरून बसलेला असायचो, त्या पायाखालून फडकं फिरवायच्या आणि मी पाय वर घ्यायचो. एकदा नवं रेशनकार्ड घेऊन आल्या. "यात माझं नाव कुठंय रे?" मी पेन न सोडता दुसऱ्या हाताने दाखवलं, हे बघा. त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि त्या जागेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मला परीक्षेचा अभ्यास होता.

आज त्या साठीच्या पुढे असतील. कार्डावरचं त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा वाचलं होतं. आता ते मला आठवत नाही.